डाव्या चाकाचा टायर

अक्का गेली त्याला दीड महिना झाला. तिचं माझं शेवटचं बोलणं जालन्याच्या दवाखान्यात झालं. खुब्याचं हाड मोडलेलं, छातीत कफ दाटलेला, अन् तरी बाईनं मला खुणेनं जवळ बोलावलं. म्हणाली, "दिगू, कोणी इचारलं तर सांग, ब्रेक लावायचा मीच इसरले." मी म्हणालो, "गप पड आता." झालं. आईसारख्या बहिणीला माझे शेवटचे शब्द काय, तर गप पड... तिसऱ्या दिवशी सकाळी नर्स बाहेर आली, अन् तिनं तोंड उघडायच्या आधीच मला कळलं.

सुशीलाअक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लहानपणीच पोलिओनं तिचे दोन्ही पाय नेले. माझं लग्न झाल्यावर लोक म्हणायचे, बहिणीला सांभाळतो हो. कसलं काय! अंबडचं आमचं घर तिच्या शिलाईवर उभं राहिलं. मला एसटीच्या वर्कशॉपात नोकरी लागेपर्यंत मीच तिच्या जिवावर जेवत होतो. हातानं फिरवायची मशीन, गळ्यात टेप, अन् दारात ब्लाउज शिवून घ्यायला आलेल्या बाया. नुसत्या अंदाजानं ती कातरीला हात लावायची नाही. मी म्हणायचो, "आमचं सगळं नजरेच्या मापानं चालतं." ती म्हणायची, "म्हणूनच तुझा पायजमा घोट्याच्या वर असतो."

तिच्या चाकाच्या खुर्चीच्या टायरचं मापही तिनंच मला शिकवलं. पहिल्यांदा टायर बदलायचा होता तेव्हा मी पोरांच्या सायकलचा चोवीस इंची टायर घेऊन आल्तो. चाकही चोवीसचं, टायरही चोवीसचा, मग बसेना कसा? अर्धा तास घाम गाळला. अक्का हसून हसून बेजार. मग तिनं जुन्या टायरच्या बाजूला उठवलेले आकडे बोटानं दाखवले, ३७-५४०. "चोवीस इंच हे नुसतं बोलायचं माप हाय. दुसरा आकडा म्हंजे टायर रिमवर जिथं बसतो तिथलं चाकाचं आरपार माप, मिलिमीटरमधी. पहिला म्हंजे टायरची जाडी. दोन्ही जुळले तरच टायर आपला." मी पाचशे चाळीस पाठ केलं. त्याच्या आधीच्या सदतीसला मी काही किंमत दिली नाही. टायर रिमवर बसला की काम झालं, अशी माझी अक्कल.

यंदा ऐन लग्नसराईत डाव्या चाकाचा टायर झिजून आतले दोरे दिसायला लागले. मी जालन्याला निघालो तर तिनं चिठ्ठी पुढं केली. दोन्ही आकडे लिहिलेले, खाली रेघ मारलेली. मला आला राग. "अक्का, तीस वर्षं बसचे टायर चढवले मी. मला टायर शिकवून राह्यली का?"

"बसचे चढवले. मी काय बस हाय का?" ती म्हणाली.

दुकानातल्या चाचांनी टायर काढला, चष्मा वर केला अन् म्हणाले, "भाऊ, ये पच्चीसवाला है. रिम पे बराबर बैठेगा, लेकिन पतला है. सैंतीसवाला चार दिन में आएगा." मी म्हणालो, "बसतो ना? मंग द्या." अंबडची गाडी सुटायची होती. चार दिवस थांबायला माझं काय जात होतं? काही नाही. पण हात हलवत परत गेलो असतो तर अक्का म्हणाली असती, चिठ्ठी वाचली वाटतं. तेवढं मला ऐकायचं नव्हतं.

टायर झकास बसला. अक्कानं अंगणात एक चक्कर मारली अन् थांबली. "दिगू, डावीकडं खेचून राह्यली रे. अन् डावा ब्रेक ढिला लागतो. बघितला का तू?"

"बघितला," मी म्हणालो. "नवं रबर हाय, बसंल दोन दिवसांत."

मी बघितला नव्हता. ब्रेक म्हणजे दुसरं काही नसतं, दांडा ओढला की एक लोखंडी जीभ टायरवर दाबून बसते. टायर बारीक झाला की जीभ तिथवर पोचतच नाही. दांडा मात्र कट्ट वाजतो, लागला असं वाटतं. दोन नट ढिले करून ब्रेक चाकाकडं सरकवायचा, पाच मिनिटांचं काम. ज्यानं जन्मभर बसचे ब्रेक तपासून सही केली, त्यानं घरच्या खुर्चीचा तपासला नाही. अन् तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर चहा पीत होतो. आतून धाडकन आवाज आला. खुर्चीतून पलंगावर जाणं तिला रोजचंच होतं. दोन्ही ब्रेक लावायचे, एक हात पलंगावर, एक खुर्चीवर, अन् अंग उचलायचं. उजवं चाक जागेवर राहिलं, डावं पळालं, खुर्ची गर्रकन फिरली. अक्का फरशीवर पडली होती. मला बघून पहिलं काय म्हणाली, तर "तुझा चहा सांडला का रे?"

भेटायला आलेले सगळे एकच म्हणत होते, बिचारी ब्रेक लावायला विसरली, वय झालं होतं. माझी बायको मंदाही तेच सांगत होती, कारण अक्कानं तिलाही तेच सांगितलं होतं. अन् मी मान हलवत होतो. चौदाव्यापर्यंत मान हलवली. काज-बटनसुद्धा कधी न विसरलेल्या बाईला मी विसरभोळी ठरू दिलं, अन् वर लोकांकडून सांत्वन घेतलं. मंदाला मी काल सांगितलं. ती उठून आत गेली, अन् तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. तिचं बराबर आहे.

खुर्ची अजून अक्काच्या खोलीत आहे. कोणा गरजूला देऊ, असं मंदा म्हणत होती, म्हणून परवा मी ती पुसायला घेतली. अक्का पडली त्या दिवशी घाईत ओढून कोपऱ्यात सारली होती, तेव्हापासून तिला कोणी हात लावलेला नव्हता. डाव्या ब्रेकचा दांडा पुरता ओढलेला आहे, अक्कानं ओढला तसाच. लोखंडी जीभ अन् टायर यांच्या मधून माझी करंगळी आरपार जाते.