हायड्रोवरचा शेंदूर

एक चूक मी बराच काळ लपवून ठेवली होती, आणि हा अनुभव तिच्यापासून वेगळा काढून सांगता येत नाही. म्हणून आधी तीच सांगतो. सुकलालभाऊंचा उजवा हात अधू झाला तो त्यांच्या घाईमुळे नव्हे, माझ्यामुळे.

मी इंजिनियर. जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास कधी बसला नाही. आज पन्नाशी उलटल्यावरही फारसा बसलेला नाही...

नव्वदच्या दशकात मी सुरतजवळ कडोदऱ्याला, साड्या रंगवणाऱ्या एका मिलमध्ये मेन्टेनन्स पाहत होतो. धुतलेल्या कापडातलं पाणी वेगळं काढायला तिथे 'हायड्रो' होतं — छिद्रं पाडलेलं पोलादी टोपलं, जे वेगाने फिरून पाणी बाहेर फेकतं. त्याची वीज कमी करायचीच, असा मी चंग बांधला होता. मोटर जादा करंट ओढत होती, कारण झिजलेला ब्रेक सतत घासत होता. तो दुरुस्त करायला हवा होता. धीर नसल्याने जेवणाच्या सुट्टीत मी एकट्याने तो काढूनच टाकला. ॲमीटरची सुई खाली आली. आनंदाच्या भरात ती दाखवायला मी मिलमालक शेठजींना घेऊन आलो... आणि पाळीवरच्या माणसाला सांगायचं राहून गेलं.

तो माणूस म्हणजे सुकलालभाऊ, खान्देशातले जुने कारागीर. मोटर बंद करायची, पायाने ब्रेकचं पेडल दाबायचं आणि त्याच दमात वाकून कापडाचं टोक ओढायचं, ही त्यांची सवय. त्या दुपारीही पेडल दाबलं. टोपलं थांबलं नाही.

त्यांना दवाखान्यात नेल्यावर मी गुपचूप ब्रेक पुन्हा बसवला. नवं लायनर, म्हणजे ब्रेकचं घासणारं अस्तर, घालून, नीट जुळवून. सुई तितकीच खाली राहिली! म्हणजे ब्रेक काढायची गरजच नव्हती. चौकशीत मात्र मी म्हणालो, "कारागिराने घाई केली." सुकलालभाऊंचं काम सुटलं.

त्यानंतर ते सुरू झालं.

दसऱ्याला मिलमध्ये यंत्रं बंद ठेवून पूजा होई. अपघाताआधीच्या दसऱ्याला सुकलालभाऊंनी तेलात कालवलेला शेंदूर अंगठ्याने टोपल्याच्या काठावर लावला होता. आता यंत्र थांबलं की तो ठिपका दर वेळी पेडलच्या बाजूला, त्यांच्या उभं राहण्याच्या जागेसमोर येऊन थांबे. असं गोल फिरणारं टोपलं कुठेही थांबायला हवं. मी हट्टाला पेटलो. पाणसळ लावून पाहिली, पाया सपाट होता. बेअरिंग बदललं. रिकामं फिरवलं, भरून फिरवलं, मोटरची दिशाही उलटी केली. ठिपका तिथेच. पुसून टाकावा असं मनात आलं, पण हात धजावला नाही.

आमचे फिटर ठाकोरभाई पान्हा पुसत म्हणाले, "साहेब, मशीन तो बराबर छे. हवे तमारुं लेव्हल चेक करो."

यंत्र ठीक आहे, आता स्वतःचीच पातळी तपासा, असा त्याचा अर्थ. आजूबाजूचे हसले. मला हसू आलं नाही. मी पाणसळ खाली ठेवली, शेठजींच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. सुकलालभाऊंना कापड-तपासणीवर परत घ्या, मला ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, म्हणालो. शेठजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पहले उसको जाके बोलो." त्या संध्याकाळी मी सुरतेतल्या पर्वत पाटिया भागात सुकलालभाऊंच्या खोलीवर गेलो.

दुसऱ्या दिवसापासून ठिपका कुठेही थांबू लागला. यंत्रात मी काहीही बदललेलं नव्हतं. अनेक जाणकारांना विचारलं. कोणाच्याही उत्तराने समाधान झालं नाही. कारण मला आजही ठाऊक नाही.

त्या संध्याकाळचं एवढंच सांगायचं राहिलं. खोलीत शिरताच सुकलालभाऊ उठून उभे राहिले. त्यांच्या पत्नीने चहा आणला. एक बशी मला दिली, दुसरी, सुकलालभाऊंची, स्वतःच धरून बसली.

"यास्ना हातमा दिधी तं गई," ती म्हणाली, म्हणजे हातातून पडून फुटलीच. "ध्यान पहिलेपासूनच नहीं. तवय तं हात गया."

सुकलालभाऊ ओशाळं हसले. "खरं शे, साहेब. मनी चूक व्हती. पाय पेडलवरथून सटकना व्हई."

एवढे महिने ते हेच मानत आले होते... मी बशी खाली ठेवली. वहिनींनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो.

"तुमचा पाय सटकला नव्हता, सुकलालभाऊ. पेडल तुम्ही बरोबर दाबलंत. खाली ब्रेकच नव्हता. तो मी काढला होता, आणि चौकशीत मी खोटं बोललो. चूक माझी होती. मला माफ करा."