आज रिव्हर्स कोण?

आमच्या विनताकाकूच्या मोटारीचा रिव्हर्स गिअर १९६५च्या सप्टेंबरात गेला आणि पुढचे कितीतरी महिने ते काम नंदाने आणि मी केलं. नंदा काकूची मुलगी, मी पुतणी. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि शिकायला जबलपूरला काकूकडे, रांझीच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये राहत होते. काकू स्टिअरिंग धरून मान मागे वळवायची आणि आम्ही दोघी बॉनेटला पाठ लावून गाडी मागे ढकलायचो. सकाळी चहाबरोबर घरात पहिला प्रश्न असायचा, "आज रिव्हर्स कोण?" एकटीने गाडी हलत नसे, त्यामुळे नंदाचा गाण्याचा क्लास, माझा गृहपाठ, कोणाकडचं हळदीकुंकू, सगळं या ड्यूटीच्या वेळा बघून ठरायचं. जबलपुरातल्याच गोरखपूर भागाच्या बाजारात भर गर्दीत बॉनेटला पाठ लावून उभं राहायची मला इतकी लाज वाटे की मी डोळे मिटून घ्यायची. काकूला मात्र कशाचीच लाज वाटत नसे.

मोटार तिच्या वडिलांची. भय्यासाहेब नरसिंहपूरला डॉक्टर होते. खेड्यांतले रोगी बघायला जाताना मुलीला शेजारी बसवत. गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं आणि वारण्याआधी ती जुनी विलायती मोटार तिच्या नावावर केली. चिंतामणीकाकांचं त्या गाडीशी कधी जमलं नाही. काका गन कॅरेज फॅक्टरीत गिअरचे दात कापत. तोफेच्या गाड्याचे गिअर त्यांच्या हातचे असले तर पुढच्या तपासणीवाल्याला काम उरत नाही, असं लोक म्हणत. पण जी मशीन जमिनीला बोल्टाने आवळलेली नाही तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी ते गाडीत बसले नव्हते. सायकलवरून फॅक्टरीत जात.

दात तुटले त्या दिवशी काकूने गिअर काढवून घेतला, फडक्यात गुंडाळला आणि काकांपुढे ठेवला. काकांनी तीन तुटक्या दातांवरून अंगठा फिरवला.

"दोन तासांचं काम आहे," ते म्हणाले. "पण नेणार नाही मी. लढाई चालू आहे, बारा-बारा तास मशीन थांबत नाही. तिथं हे कसं चढवू?"

"बरं," काकू म्हणाली. एवढंच. मी तर रागाने फणफणले होते. सबंध देशाच्या तोफांना दात बसवणारा माणूस घरात, आणि आम्ही भर बाजारात गाडी ढकलतोय! काकूने तो विषय पुन्हा काढला नाही. तिने जबलपूरचे रस्ते डोक्यात नव्याने मांडले. कुठल्या चौकातून वळसा घेता येतो, कुठे बोळ पुढे उघडा आहे, हे तिला पाठ झालं. दहा मिनिटांच्या वाटेला पंचवीस लागत. ती अर्धा तास आधी निघायची.

आणि जायची कुठे, तर सदर बाजारापलीकडच्या मिलिटरी हॉस्पिटलात. जखमी जवानांत मराठी पोरं बरीच होती आणि तिथल्या नर्सना मराठी येत नव्हतं. काकू आठवड्यातून दोनदा वॉर्डात बसून त्यांची पत्रं लिहायची, आलेली वाचून दाखवायची. नियम एकच, जवान सांगेल तेच लिहायचं आणि कागदावर असेल तेच वाचायचं. एका नर्सने सुचवलं, वाईट बातमी जरा सौम्य करा ना. काकू म्हणाली, "लिहिणारीनं आपली अक्कल कशाला चालवायची?"

त्यात साताऱ्याकडचा रामराव होता. डावा पाय गुडघ्याखाली कापलेला. फारसा शिकलेला नव्हता. त्याने बायकोला पत्र सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. पाय गेला, शेतीचं काम आता जमणार नाही, तुला माहेरी राहायचं असलं तर माझी ना नाही, पण काय ते कळव. त्याला केव्हाही पुण्याला हलवतील, म्हणून पत्रात तसं लिहून उत्तराला पत्ता काकूचा दिला. मग तीन आठवडे तो प्रत्येक खेपेला फक्त काकूच्या पिशवीकडे बघायचा. पिशवीत त्याचं काही नसायचं. पुढे त्याने बघणंही सोडलं आणि जेवणही टाकलं.

नोव्हेंबरातला गुरुवार होता. लढाई थांबली होती, पण फॅक्टरीचा ओव्हरटाइम थांबला नव्हता. त्याच दुपारी रामरावला पुण्याला नेणार होते. वॉर्डातून साडेतीनला गाड्या निघणार. तीन वाजून दहा मिनिटांनी पोस्टमनने आंतर्देशीय पत्र आणून दिलं. पाठीमागे साताऱ्याचा शिक्का.

"उघड ना, काय लिहिलंय बघू," मी म्हणाले.

"पत्र त्याचं आहे. चल, गाडीत बस."

"नंदा शाळेत आहे. रिव्हर्स कोण?"

"कोणी नाही. तुझा ताप कालच उतरला आहे, तू नुसती बसून राहा. हे न मिळता तो गेला, तर ती येत नाही असंच धरून बसेल. मग त्याला कोण समजावणार?"

नेहमीच्या वळशाला वेळ नव्हता. काकूने गाडी सरळ रेल्वेच्या पुलियाखाली, म्हणजे रुळांखालच्या छोट्या पुलाखाली, घातली. खाली एकच गाडी जाईल एवढी वाट. आम्ही निम्म्यावर असताना समोरून मिलिटरीचा ट्रक आत शिरला, मागे आणखी दोन, ताडपत्रीने झाकलेले तोफांचे गाडे ओढत. ड्रायव्हरने हॉर्नवर हॉर्न दिले. "पीछे लो! पीछे लो!"

काकूने खिडकीतून मान काढली. "भैया, इसमें पीछे है ही नहीं!"

हवालदार उतरून आला. ही बाई चेष्टा करते आहे असंच त्याला वाटलं असणार. काकूने आंतर्देशीय त्याच्यापुढे धरलं. "आपके एक जवान का पैर गया है. यह उसकी घरवाली का जवाब है. वो साढ़े तीन बजे जा रहा है."

हवालदाराने पत्राकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मागे वळून हात उंचावला. तिन्ही ट्रक, त्यांचे गाडे, सगळं वाकडंतिकडं होत, इंचाइंचाने पुलियातून बाहेर गेलं. गाडा लावलेला ट्रक मागे घेणं किती अवघड, ते मला तेव्हा कळलं. त्या वर्षी आपलं लष्कर मागे हटलेलं मी एकदाच पाहिलं, विनताकाकूपुढे.

आम्ही पोचलो तेव्हा स्ट्रेचर व्हरांड्यात मांडलेली होती. रामराव भिंतीकडे तोंड करून पडला होता. काकूने पत्र दाखवलं, तो वळला.

"वाचा काकी. जे आसंल ते."

काकूने चष्मा लावला. आत काय आहे ते तिलाही माहीत नव्हतं आणि जे असेल ते तिला तसंच वाचावं लागणार होतं. पत्र गावच्या मास्तरांच्या हातचं होतं, मजकूर चार ओळींचा. काकू एकेक शब्द सुटा वाचत गेली.

"पत्र पोचलं. माहेरचं नाव पुन्हा काढू नका. तुमचं नवं पायताण तयार होऊन आलंय. त्यातलं उजवं घेऊन मी पुण्याला येते."

रामराव म्हणाला, "काकी, पुन्यांदा वाचा." काकूने पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा, आणि चौथ्यांदा त्याला उचलून गाडीत ठेवत होते तेव्हा, शेजारून चालत. मग पत्राची घडी करून तिने त्याच्या मुठीत दिली.

संध्याकाळी काका ड्यूटीवरून आले. मी सगळं सांगून टाकलं, पुलियासकट. ते बुटांची नाडी सोडता सोडता थांबले.

"दोन तासांचं काम होतं," ते काकूला म्हणाले. "मी काहून अडून बसलो? पत्र राहिलं असतं तर?"

काकू भाकरी थापत होती. "तुमच्या मशीनवर त्या वेळी माझी मोटार चढली असती, तर त्या पोरांच्या पलंगाशी मी कोणत्या तोंडानं बसले असते? चला, हातपाय धुवा, पान वाढून राहिले मी."

मला दोघांचाही मनापासून अभिमान वाटला, आणि दोन महिने मनात काकांना घातलेल्या शिव्या मी गुपचूप परत घेतल्या.

जानेवारीत ओव्हरटाइम संपला आणि काकांना रविवार मिळू लागले. तुटक्या दातांच्या जागी त्यांनी बाजारातून वेल्डिंगने धातू भरून आणला आणि ओट्यावर बसून साध्या कानशीने दात घासायला घेतले. गन कॅरेजचा पहिल्या नंबरचा कारागीर, आणि हातात आठ आण्यांची कानस! तीन दातांना सात रविवार लागले.

आठव्या रविवारी गिअर बसला. काकूने गाडी सुरू केली तेव्हा नंदा आणि मी सवयीने बॉनेटपाशी जाऊन उभ्या राहिलो. काका ओट्यावरून उठले, हात पुसले, आमच्या शेजारून गेले आणि दार उघडून काकूच्या बाजूला बसले. दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून ते म्हणाले, "घे मागे."