गजूनं कल्याणपर्यंत धरून ठेवली

माझी बायको वारली आणि महिन्याभरात माझ्या घरात कोरडी अशी एकही वस्तू उरली नाही.

शेजाऱ्यांना वाटे, दुःखामुळे. दुःख होतंच, पण गोधड्या, चटया, माझा कचेरीचा अंगरखा आणि एकदा तर देवघरातला पाट, एवढं सगळं भिजवायला दुःख पुरत नाही. त्याला दोन मुलगे लागतात. ते मला होते. धाकटा वामू जेमतेम चालू लागलेला. त्याला अजून सगळंच शिकवायचं होतं. थोरला गजू चार वर्षांचा, आईनं व्यवस्थित शिकवलेला. पण त्याची आई दोघांना आमच्याकडेच ठेवून बाळंतपणाला म्हणून कल्याणला माहेरी गेली, तिथंच ती आणि पोटातलं मूल दोन्ही गेली, आणि त्यानंतर गजू शिकलेलं सारं विसरला. दिवसभर पाय आवळून उभा राही. ‘शू आली का रे?’ विचारलं की ‘नाही!’ आणि थोडक्या वेळात जिथं उभा असेल तिथं तळं!

टेंभी नाक्याजवळच्या आमच्या घरात आता मी, ही दोन तळी आणि माझी विधवा आत्या. आत्या कडक सोवळ्यातली. ती मुलांना शिवली तर आंघोळ, मुलं तिला शिवली तर आंघोळ. अखेर तिनं एकदा, चांगलं लांब उभं राहून, मला सांगितलं, “विनू, मी रांधून वाढीन. पण हे तुझं तू बघ बाबा. नाहीतर आपली विहीर आटेल.”

म्हणून मी, कचेरीतला कारकून, बायकांचं हे काम शिकायला बसलो. परसात पाटावर मी, आणि स्वयंपाकघराच्या दारात माझी गुरू.

“पाय लांब कर. दोन्ही! आता वामूला पावलांवर बसव. आणि शू म्हण.”

“शू.”

“कचेरीत बोलतोस तसं नको रे. लांबव जरा.”

“शूऽऽऽ!”

वामूनं माझ्या मिशांकडे मोठ्या कौतुकानं पाहिलं. हसला. मग उठला, दुडूदुडू घरात गेला आणि चटईवर काम उरकून परत येऊन माझ्या पावलांवर बसला!

असं रोज चाले. एकदा तर कचेरीचा शिपाई थेट परसात आला. मी डोक्यावर पागोटं, अंगात अंगरखा, धोतर गुडघ्यावर आणि पाय लांब.

“रावसाहेब, साहेबानं बोलावलंय.”

“सांग, काम चाललंय.”

“कसलं सांगू?”

“वाट पाहण्याचं!”

पण पोर हुशार. बऱ्याच धुण्यांनंतर ते शिकलं. ‘शूऽऽ’ म्हटलं की वामू तत्काळ हुकूम बजावू लागला. अडचण एवढीच, की हुकूम कोण देतंय आणि कुठं देतंय, याची तो चौकशी करीत नसे. देवळात पुराण चालू असताना कुणी कुजबुजणाऱ्या बायकांना ‘श्शू!’ म्हणून दटावलं, की मी मुलाला उचलून पळत सुटे. (बहुतेक वेळा उशीर झालेला असे.)

गजूचं मात्र काही केल्या जमेना. त्याला पावलांवर बसवायला गेलं की म्हणे, “तुम्ही नको, अप्पा.” मी रागावून पाहिलं, गूळ देऊन पाहिला. रागावलं की भीतीनं व्हायची, गूळ दिला की आनंदानं.

ही कीर्ती कल्याणला पोचली नसती तरच नवल. माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, पेन्शनीत निघालेले शिरस्तेदार. त्यांच्या घरात मांजरसुद्धा परवानगी घेऊन ओरडे. ठाण्याला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर त्यांनी निरोप धाडला: “दोघांना घेऊन या. पुरुषाच्यानं होणारं हे काम नव्हे. मुलं पाहतो आणि काय ते ठरवतो.”

काय ठरवणार ते मला कळत होतं. मुलं कल्याणला राहतील, मी ठाण्याला, आणि माझं घर कोरडं होईल. महिनोन्‌महिने मी त्याचीच तर वाट पाहत होतो! पण घर कोरडं होणार या विचारानं त्या दिवशी मी जेवलोच नाही.

ठाण्याच्या स्टेशनावर गाडी आली. मी वामूला खांद्यावर घेतलं होतं. इंजिन शेजारून गेलं आणि त्यानं वाफ सोडली: शूऽऽऽऽ! एवढा मोठा हुकूम वामूला आजवर कुणी दिला नव्हता. मी मानेपासून कमरेपर्यंत न्हालो. उपरणं उलटं करून पांघरलं आणि डब्यात चढलो. समोरच्या म्हाताऱ्या शेटजींनी नाकाला रुमाल लावला आणि खाडीचा पूल येईपर्यंत तो काढला नाही.

गजू मात्र खिडकीशी बसून हसत होता. बायको गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. पाय घट्ट आवळलेले, दोन्ही हात लंगोटीवर.

“शू आली का रे?”

“आली. पण मी धरून ठेवलीय.”

“कशाला?”

“आईला दाखवायला! आई कल्याणला आहे ना? तीच नेईल मला.”

एवढ्यात बोगदा आला आणि डब्यात काळोख झाला. माझ्यावर उपकारच झाले. गजूला कुणी काही सांगितलंच नव्हतं! आई कल्याणला गेली, एवढं त्याला माहीत होतं. मला वाटलं होतं पुढचं आत्यानं सांगितलं असेल. आत्याला वाटलं होतं मी. आणि हे पोर इतके दिवस पाय आवळून आईची वाट पाहत होतं.

बोगदा संपला, उजेड आला. भरल्या डब्यात, ओल्या अंगरख्यानं, चार वर्षांच्या मुलाला ते कसं सांगायचं? वाक्य मनात जुळवत होतो तोवर कल्याण आलं!

नाना ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला गंध. सासूबाई आतल्या दारात. नानांनी वामूला घेतलं.

“हा शिकला?”

“शिकला,” मी म्हटलं.

“थोरला?”

“ठाण्यापासून धरून ठेवलीय त्यानं,” मी म्हटलं. निदान हे तरी खरं होतं.

“कुठं आहे तो?”

पाहतो तर गजू शेजारी नव्हता. तो कधीच आत पळाला होता. स्वयंपाकघरात डोकावला, माजघरात गेला, मागच्या पडवीत जाऊन आला. सासूबाई त्याच्या मागून, “काय शोधतोस रे बाळा?” शेवटी कोपऱ्यातल्या खोलीपाशी थांबला. बाळंतिणीची खोली. त्या दिवसापासून तिला बाहेरून कडी होती.

गजूनं दारावर थापा मारल्या.

“आई, दार उघड! मी धरून ठेवलीय! लवकर उघड ना गं!”

नाना वामूला कडेवर घेऊन तसेच आत आले होते. ते उभे, सासूबाई उभ्या, मी उभा. मग मी गजूशेजारी खाली बसलो. गाडीत जुळवलेलं वाक्य आठवेना, तेव्हा जे आलं ते बोललो.

“गजू, आई आत नाही रे.”

“मग कुठाय?”

“आई वारली. आता ती येणार नाही.”

“ठाण्यालापण नाही?”

“ठाण्यालापण नाही.”

गजूनं दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं, वरून आणि खालून. सकाळीच सारवलेल्या जमिनीवरून ओघळ नानांच्या पायांपर्यंत गेला.

पोटच्या मुलीच्या चितेपाशी ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते नाना वाकले. गजूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “शू, बाळा, शू... रडायचं नाही. शूऽऽ...”

आणि त्यांच्या कडेवरच्या वामूनं आजोबांचा पहिलाच हुकूम तत्काळ बजावला.

नाना आपल्या धोतराकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे.

“विनायकराव.”

“जी.”

“हा शिकलाय म्हणालात, ते खरं आहे.”

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही. त्यांनाही कळत नसावं.

जेवणं झाली. निघायच्या वेळी, नेसलेलं दुसरं धोतर सावरत नाना म्हणाले, “दोघांना घेऊन जा. इथं ठेवला तर गजू रोज त्या दारापाशी उभा राहील.” मग आत पाहत म्हणाले, “आणि मीही.”

स्टेशनावर आलो. गाडी लांबून दिसू लागली होती, तेवढ्यात गजूनं माझं धोतर ओढलं.

“अप्पा, शू आली.”

आपण होऊन म्हणाला! एवढ्या दिवसांत प्रथमच! वामूला खांद्यावर टाकून, गजूचा हात धरून मी फलाटाच्या टोकाला झुडपांकडे धावलो.

“तुम्ही तिकडं तोंड करा. आई तसंच करायची.”

मी तिकडं तोंड केलं. समोर मलंगगड होता. मागं गाडी येऊन थांबली.

“झाली का रे?”

“बघू नका!”

“नाही बघत.”

गार्डानं शिट्टी मारली. मी डोंगराकडे पाहत राहिलो. (तोंड तिकडं होतं ते बरंच झालं. माझे डोळे काही फार कोरडे नव्हते.) गाडी हलली, वेग घेतला आणि गेली.

एक हमाल माझ्याकडे बघत उभा होता. “काय रावसाहेब, जायचं नव्हतं का?”

लंगोटी सावरत झुडपामागून गजू ऐटीत म्हणाला, “जाऊन आलो!”

पुढची गाडी अंधार पडल्यावर मिळाली. दुसऱ्या दिवशी कचेरीतही उशीर झाला. साहेबानं कारण विचारलं, तेव्हा ‘गाडी चुकली’ एवढंच सांगितलं. गाडी समोर उभी असताना सरकारी नोकर डोंगराकडे तोंड करून का उभा राहतो, हे साहेबाला इंग्रजीत कसं सांगायचं ते मला तेव्हाही येत नव्हतं. मराठीतसुद्धा सांगायला बघा मला म्हातारपण यावं लागलं!