सेटल झालेली मुलगी

बँकेतल्या साहेबांनी स्क्रीनवरचा एक शब्द मोठ्याने वाचला. “सेटल्ड.” मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “वा! तुम्ही तर सेटल झालेल्या आहात.”

शेजारी आई बसली होती. धाकटीच्या शिक्षणाच्या कर्जाचं काम, म्हणून ठेवणीतली साडी नेसून आली होती. तिला वाटलं, साहेब कौतुक करतायत. ती हात जोडून म्हणाली, “हो साहेब, देवाच्या कृपेने मोठी सेटल झाली. आता धाकटीचं तेवढं बघा.”

साहेब हसले. बाजूच्या टेबलावरची बाई हसली. मागे टोकन घेऊन बसलेला एक माणूस, ज्याला काहीच माहीत नव्हतं, तोही हसला. सगळे हसतायत म्हणून मग आईही हसली.



आमच्या घरात ‘सेटल’ हा मोठा शब्द आहे. मुलगा नोकरीला लागला, सेटल झाला. मुलीला बरं घर मिळालं, सेटल झाली. आई चौथी शिकलेली. तिला इंग्रजीतले जे पाच-सहा शब्द येतात, त्यांतला हा सगळ्यांत लाडका. मी बी.एस्सी. झाले, घराण्यातली पहिली पदवीधर, तेव्हा तिने सगळ्या चाळीला सांगितलं होतं, “आता ही सेटल.”

क्रेडिट रिपोर्टमध्ये त्याच शब्दाचा अर्थ असा: या बाईने घेतलेले पैसे पूर्ण फेडले नाहीत. जेवढे निघाले तेवढे घेऊन बँकेने बाकीचे सोडून दिले. पुढे कुठल्याही बँकेत जा, तुमच्याआधी हा शब्द तिथे जाऊन बसलेला असतो.

तो माझ्या नावापुढे कसा आला ते सांगते.

बाबा कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. किडन्या गेल्या. डायलिसिस, इंजेक्शनं, पुन्हा डायलिसिस. मी तेव्हा औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये होते आणि माझ्याकडे क्रेडिट कार्ड होतं. हॉस्पिटलच्या खिडकीत तेच पुढे करत गेले. त्याच वर्षी कंपनीने आमचा विभाग बंद केला. चार महिने पगार नाही. त्या चार महिन्यांत बाबा गेले.

कार्डाचे हप्ते थकले. मी पळाले नाही. आमच्या पादरा गावच्या शाळेतल्या बेनने, म्हणजे बाईंनी, शिकवलं होतं, अडचण आली की स्वच्छ अक्षरात अर्ज करावा. मी अर्ज केला. वडील वारले, नोकरी गेली, नवीन शोधते आहे. सूट नको, वेळ द्या. हप्ता लहान करा. पूर्ण रक्कम भरीन.

उत्तर फोनवर आलं. बँकेच्या वसुलीचा माणूस होता, गुजराती बोलायचा, आवाज गोड. “एवी कोई स्कीम नथी, बेन.” अशी स्कीमच नाही. “अडधुं भरी दो ने सेटल करी नाखो. पती गयुं.” निम्मे भरा, सेटल करून टाका, की संपलं.

मी विचारलं, “सेटल म्हणजे रिपोर्टमध्ये काय लिहिणार?”

तो म्हणाला, “सेटल एटले सेटल. सारुं ज ने, बेन!”

चांगलंच की. मलाही चांगलंच वाटलं. पत्र आलं ते मी तीनदा वाचलं. शेवटच्या ओळीत इंग्रजीत लिहिलेलं होतं, खातं ‘सेटल्ड’ असं नोंदवलं जाईल. मला इंग्रजी येतं. त्या ओळीखाली मी पेनाने रेघ मारली. आनंदाने. आईच्या दोन बांगड्या मोडून निम्मे भरले. पत्र देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. आणि त्या माणसाला मेसेज केला: तुमचे उपकार विसरणार नाही.

उपकार. हा शब्द मी स्वतःच्या हाताने टाइप केला.

पुष्कळ नंतर कळलं की त्याच बँकेत तशी स्कीम होती. मुदत वाढवून, हप्ता उतरवून, पूर्ण फेडायची. त्याचीही नोंद रिपोर्टवर होते, स्कोअर त्यानेही पडतो, हे खोटं कशाला सांगू. पण तिथून माणूस हप्ता भरत भरत वर येऊ शकतो. सेटल्ड म्हटलं की तुम्ही बुडवणारे. मी जे मागितलं होतं ते त्यांच्याकडे होतं. मला दिलं नाही.

यातलं मला त्या सकाळी, कारेलीबागच्या त्या शाखेत, काहीही माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की धाकटीला फिजिओथेरपीची सीट मिळाली आहे, फी भरायला नऊ दिवस आहेत, आणि नव्या नोकरीत असलेली मी एकटीच घरात पगारदार, म्हणून कर्जाला सहअर्जदार आहे.

साहेब मराठी होते. त्याचा आम्हाला आत शिरताना केवढा आधार वाटला होता. जुन्या संस्थानातल्या दरबारी कामदारांचं, म्हणजे बड्या अधिकाऱ्यांचं घराणं, हे त्यांनीच दोन मिनिटांत सांगितलं. मग आमचं आडनाव वाचून विचारलं, “तुम्ही कुठले?”

मी म्हटलं, “पणजोबा दरबारच्या पागेत होते.”

“पागेत म्हणजे स्वार की मोतद्दार?”

मोतद्दार म्हणजे घोड्यांना खरारा करणारा. माझे पणजोबा मोतद्दारच होते. मी खरं सांगितलं. साहेबांनी “अच्छा” म्हटलं आणि तिथून पुढे त्यांचं ‘अहो’ नुसतं तोंडापुरतं राहिलं.

तर, हसून झाल्यावर त्यांनी आईला समजावलं. लहान मुलाला समजावतात तसं. “मावशी, सेटल म्हणजे तुमच्या मुलीने बँकेचे पैसे बुडवलेत. हिच्या सहीवर कर्ज होत नाही.”

आई माझ्याकडे बघत राहिली. “बुडवलेत? आपण तर बांगड्या मोडून...”

“म्हणूनच म्हणतो, तुम्हा लोकांनी कार्डं-बिर्डं घेऊ नयेत. झेपत नाही ने.” मग आवाज खाली आणून, अर्ज उलटापालटा करत, “मावशी, तुम्ही काय करता?”

“पोळ्या करते साहेब. इथेच, कारेलीबागेत. पाच घरं.”

“अरे! आमच्याकडची बाई परवाच सोडून गेली. तुम्ही या ने उद्यापासून. फाइलचं मी बघतो वर कुणाशी बोलून. आपलीच माणसं आहात.”

आईचा चेहरा उजळला. ती ‘हो’ म्हणणार होती. तोंड उघडलं होतं तिने.

मी म्हटलं, “नाही. ती येणार नाही.”

साहेब म्हणाले, “मी त्यांना विचारलं.”

“मी सांगतेय. येणार नाही. कर्ज नियमात बसत असेल तर द्या. बसत नसेल तर नाकारलं असं लिहून द्या. कारणासकट. सही-शिक्क्यासह.”

“लिहून कशाला? ऑनलाइन दिसेल.”

“लिहून द्या. तोपर्यंत मी या खुर्चीवरून उठत नाही.”

आयुष्यात मी कुठल्या साहेबापुढे आवाज चढवला नव्हता. मागचा टोकनवाला आता हसत नव्हता. पाऊण तास बसले. कागद मिळाला. आभार मानायला जीभ वळली होती, सवयीने. दात आवळून धरले.

बाहेर स्कूटरपाशी आई फुटली. “पोळ्या तर मी लाटतेच. एक घर जास्त झालं असतं. पोळ्या लाटूनच तुला शिकवली, आता लाज वाटते होय?”

“लाज नाही वाटत. महिन्याला किती देणार, ते बोलला का तो?”

आईने नकारार्थी मान हलवली.

“पाच घरांनी पहिल्या दिवशी सांगितलं ना? याने का नाही?”

तिने पदराने तोंड पुसलं आणि मागे बसली. घरी पोचेपर्यंत मला त्या साहेबाची किळस येत होती, फोनवरच्या त्या गोड आवाजाची येत होती, आणि सगळ्यांत जास्त माझ्या स्वतःच्या त्या मेसेजची.

सीट गेली. नऊ दिवस संपले आणि सीट दुसऱ्या कुणाला मिळाली. धाकटी आता हरणी भागातल्या एका क्लासमध्ये आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवते आणि माझ्याशी जरुरीपुरतं बोलते.

मी कार्डाच्या बँकेला पत्र लिहिलं. सोडून दिलेली रक्कम पूर्ण भरते आहे, हप्त्यांनी. भरून झाल्यावर खातं ‘बंद’ असं नोंदवा. आणि माझ्या अर्जाला ‘स्कीम नाही’ असं खोटं कोणी सांगितलं, ते शोधा. सोबत अर्जाची प्रत, पोच, फोनची तारीख.

गेल्या आठवड्यात तिथून फोन आला. या वेळी बाई होती, आवाज तसाच गोड. “मॅडम, तक्रार मागे घ्या ना. मग रिपोर्टमधला शब्द आम्ही लगेच बदलून देऊ. बाकीचे भरायचीही गरज नाही.”

फोन स्पीकरवर होता. धाकटीने ऐकलं. कितीतरी दिवसांनी ती माझ्याजवळ येऊन बसली. “ताई, घे ना मागे. पुढच्या वर्षीची ऍडमिशन तरी होईल.”

मी फोन म्यूट करून तिला म्हटलं, पैसे फिटले की तो शब्द बदलणं हे त्यांचं काम आहे. आज तो माझ्या गप्प बसण्यावर बदलला, तर त्यांना वाटेल तेव्हा परत येईल. अकरा हप्ते राहिलेत. मी शिफ्ट वाढवून घेतलीय. अकरावा भरेन आणि पावती घेईन. तुझी ऍडमिशन वेळेत होईल की नाही, मला माहीत नाही.

ती उठून आत गेली.

मी फोनवरच्या बाईला सांगितलं, “तक्रार राहील. आणि तुम्ही आत्ता जे बोललात, तेही तिच्यात लिहिणार आहे. तुमचं नाव सांगा.”

तिने फोन ठेवला. मी वेळ लिहून घेतली.