अक्काने बेडूक दिला नाही

अक्का आज सकाळी गेली.

आणि आधीच सांगते, कमेंटमध्ये "प्रेमळ, शांत, मनमिळाऊ" असलं काही लिहू नका.
माझी थोरली बहीण प्रेमळ होती, पण ते तिच्या पद्धतीनं. शांत आणि मनमिळाऊ तर अजिबात नव्हती.

सकाळी एक नातेवाईक बाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "हट्टी होती गं, पण चांगली होती."

पण?
त्या "पण"साठी ही पोस्ट लिहितेय.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. गाव आमचं नांदे. मी चौथीत, अक्का नववीत.
बुद्धपौर्णिमेला वस्तीत वाटायला बाबांनी केळीचा घड आणला. त्यात झाडबेडूक निघाला. पिवळट, लांब पायांचा, बोटांच्या टोकांना गोल चकत्या. भिंतीवर सरळ चढून गेला.
आई ओरडली. अक्काने त्याला धरलं आणि जाहीर केलं, "ह्यो आपला."

आता बेडूक पाळतात कसा, हे कुणाच्या बापाला माहीत?
अक्काने त्याला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवला. बरणी पुसली होती, धुतली नव्हती. दुपारी बघतो तर गडी मलूल. बरणीतलं मीठ त्याच्या कातडीला बाधलं होतं.
अक्का त्याच्यावर गार पाणी ओतत बसली. तो हलला तेव्हाच उठली.

मग भात घातला. त्याने ढुंकून बघितलं नाही.
दूध ठेवलं. त्यात बसला!
शेवटी समोरून एक झुरळ पळालं आणि गट्टम. हलतं-फिरतं असेल तेच साहेब खाणार, हे तेव्हा कळलं.

चिरलेला माठ, तोंडावर ओलं गोणपाट, आत केळीचं पान. असं त्याचं घर झालं. दिवसभर डोळे अर्धे मिटून बसायचा, आमच्या शाळेतल्या मास्तरांसारखा, म्हणून नाव पडलं मास्तर.

आईला तो डोळ्यांसमोर नको असायचा. "तुजा मास्तर घिऊन जा तिकडं," एवढंच बोलायची.
आणि अक्काचा एकच नियम, घरच्यांना, पाहुण्यांना, सगळ्यांना.
"कोरडा हात लावायचा न्हाई. त्याची कातडी लई नाजूक हाय. आदी हात वले कर."
आईने हे इतक्या वेळा ऐकलं की ती कपाळावर हात मारायची.

त्या वर्षी पाऊस लांबला. गावाने धोंडी काढायची ठरवली.
म्हणजे मुसळाला कडुनिंब बांधायचा, त्याला बेडूक टांगायचा आणि दारोदार न्यायचा. बायकांनी त्याच्यावर पाणी ओतायचं. फिरून फिरून बेडूक बहुतेक मरायचाच.
पूर्वी ते मुसळ खांद्यावर घेऊन फिरायचं काम आमच्या वस्तीचं होतं. आजोबांनी धम्म स्वीकारला आणि ते काम सोडलं. परत कुणी हात लावला नाही.

विहिरी आटलेल्या, गावाला बेडूक मिळेना. आमच्याकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक.
आई ज्यांच्या शेतावर रोजगाराला जायची ते तात्या माणसं घेऊन दारात आले. सोबत मुसळ. बाबा पुण्याला कामावर.

"शांताबाई, बेडूक द्या," तात्या म्हणाले. "आन मुसळ बी तुमच्याच पोरींनी घ्यावं. जुनीच रीत हाय."

आईचा रोजगार समोर उभा होता.

अक्काने माठ कमरेवर घेतला. "रीत आमी सोडली. बेडूक बी मिळायचा न्हाई."

"उषे, ह्यो गावाचा बेडूक हाय," तात्या अक्कावर गुरकावले.

"मंग केळी काय गावानं आणली व्हती?"

कुणीतरी हसलं. तात्यांचा चेहरा लाल झाला. "पाऊस न्हाई आला तर?"

"बेडूक टांगून पाऊस येत आसंल तर मला टांगा. मी मोठी हाय, जादा येईल."

तात्यांच्या पुतण्याने पुढे होऊन गोणपाट सारलं आणि माठात हात घातला.

फाट्!
आईने त्याच्या मनगटावर मारलं होतं. त्याच तात्यांच्या पुतण्याला, त्याच तात्यांच्या समोर.
"कोरडा हात लावायचा न्हाई त्याला!"

पोरगा बावळटासारखा म्हणाला, "मंग वला करू?"

"वला केला तरी न्हाई," आई म्हणाली. आणि अक्काच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

ते गेले. धोंडी निघाली, मुसळाला मातीचा बेडूक बांधून.
दुसऱ्या दिवसापासून तात्यांनी आईला कामावर बोलावलं नाही. ती शेजारच्या चांदे गावात रोजगाराला जाऊ लागली, जास्त चालून. त्याबद्दल तिने अक्काला कधी एक शब्द ऐकवला नाही.

पाऊस त्याला यायचं तेव्हा आला. श्रेय ज्याला घ्यायचं त्याने घ्यावं.
अक्काने मास्तरला परसातल्या केळीवर सोडला. मी रडले. ती म्हणाली, "येडे, आपल्याला ठिवायचा म्हणून का त्यांना दिला न्हाई?"

पुढे आयुष्यभर ती अशीच दारात उभी राहिली. स्वतःसाठी, माझ्यासाठी, ज्यांची ओळखही नव्हती त्यांच्यासाठी. त्याला तुम्ही हट्टीपणा म्हणा. मी त्याच्या जोरावर जगले.

आज तिला शेवटची आंघोळ घालायला बायका जमल्या. आजाराने तिची कातडी कागदासारखी झाली होती. त्या कानाशी लागलेल्या बाई आधी पुढे झाल्या.
मी त्यांचा हात धरला.
"आधी हात ओले करा," म्हटलं.

त्यांना काही कळलं नाही. न कळू दे.

भावपूर्ण वगैरे मला जमत नाही, अक्का.
या ओल्या हातांनी तुला जय भीम.