विलायतेला पाठवलेला डबा

आमच्या नरहरी भावोजींना लोक भित्रे म्हणतात. आमच्या निर्मळ गावात कुणालाही विचारा, सांगतील, "डोकं चांगलं होतं हो, पण ऐन वेळी कच खाल्ली. विलायतेला जायचं ठरलं होतं, गेलाच नाही." बोलणाऱ्याच्या जिभेला हाड नसतं. खरं काय झालं ते मला ठाऊक आहे, आणि ते ऐकून माझ्याविषयी काय वाटायचं ते वाटू द्या.

मी पुतळाबाई, त्यांची थोरली वहिनी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी पंधराची होते आणि भावोजी आठ वर्षांचे. सासूबाई त्याच्या आदल्या वर्षीच गेलेल्या. त्यामुळे नवी नवरी म्हणून चार दिवस मिरवायचं तर राहिलंच, या पोराच्या डोक्याला तेल घाल, सदऱ्याला बटण लाव, जेवला की ताट उचलून धू, हे सुरू झालं. पुढे ते एम.एस्सी. झाले, चष्मा लागला, तरी जेवून उठले की ताट तसंच टाकून पुस्तकात डोकं घालणार. मी म्हणायचे, "भावोजी, तुमची बायको येईल ना, ती तुम्हाला पहिल्या दिवशी माहेरी निघून जाऊन दाखवील." ते हसायचे आणि म्हणायचे, "तू आहेस तोवर कशाला हवी?"

आमचा पानमळा होता. वसईचं पान तेव्हा पार लाहोरपर्यंत जायचं म्हणतात. पण लढाई संपली त्या सुमारास आमच्या पट्ट्यात वेलीला मर लागली. आज हिरवीगार वेल, चार दिवसांनी पानं पिवळी, आठव्या दिवशी ओढाल तर अख्खी वेल हातात, आणि मुळं काळी, कुजकी. कुणी म्हणालं मळ्यात विटाळ झाला, कुणी म्हणालं देवाचा कोप. आमच्या घरात माझ्या मालकांनी, म्हणजे भावोजींच्या दादांनी, नारळ फोडले, राख टाकली, सगळं केलं. भावोजी मात्र मुंबईहून सुट्टीत आले की उकिडवे बसून मुळंच बघत बसायचे. त्यांनी शास्त्र घेतलं ते झाडापेडांचं, आणि तेही या वेलींपायीच. त्यांचं म्हणणं असं की रोग पानात नाही, देवात नाही, मुळाशी चिकटलेल्या ओल्या मातीत आहे. एक बुरशी आहे, म्हणायचे, ती सापडली की इलाज सापडेल. सात वह्या भरून लिहिलं होतं त्यांनी.

त्रेपन्न साली फेब्रुवारीत त्यांना दोन पत्रं आली, पंधरा दिवसांच्या अंतराने. एक अमेरिकेहून. तिथल्या मक्याच्या मुलखातलं विद्यापीठ म्हणत होतं, या, फी माफ, राहण्याजेवण्याचा खर्च आम्ही देतो, पण अभ्यास मक्याच्या रोगाचा करायचा आणि होय की नाही ते मार्चअखेर कळवायचं. दुसरं विलायतेचं. तिथले एक म्हातारे प्रोफेसर याच बुरशांचे जाणते. त्यांनी लिहिलं होतं, तुमचा तर्क मला पटतो, तुमच्या पानवेलीवरच डॉक्टरकी करा, माझ्याकडे एका माणसापुरती शिष्यवृत्ती आहे. पण आधी रोगट मुळं पाठवा. त्यातून बुरशी इथे वाढली, तर जागा तुमची.

भावोजींनी मला सगळं मराठीत वाचून दाखवलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण मला काही सांगितलंच नव्हतं असं म्हणायची मला सोय नाही.

झालं, आठ दिवस घरात दुसरा विषय नाही. पापडीचे गॅब्रिएल मास्तर, भावोजींना शाळेत इंग्रजी शिकवलेले, त्यांच्याकडे टाइपरायटर होता, म्हणून उत्तरं त्यांच्याकडून टाइप करून घ्यायची असत. ते स्वतः सायकल मारत आले. म्हणाले, "नरहरी, मक्याने तुझं काय घोडं मारलंय? पक्की जागा आहे, जा, पदवी घे, मग जन्मभर पानं मोज."

"मास्तर, मी मक्यासाठी नाही शिकलो," भावोजी म्हणाले.

माझे मालक म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये." भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणते याची ते नेहमी वाट बघायचे. मला त्या दोन देशांतलं काय कळणार, डोंबल. पण मळा डोळ्यांदेखत जात होता, आणि हा मुलगा आठ वर्षं त्याच्यासाठी मुळं उकरत बसला होता. मी म्हटलं, "तुमचा जीव वेलीत आहे ना, मग वेलीच्या मागे जा." मास्तरांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेला नकाराचं पत्र टाइप करून दिलं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भावोजींनी पहाटे मळ्यात जाऊन सगळ्यात वाईट वाफ्यातली मुळं काढली. काळी, लिबलिबीत, चिखलासकट. पत्र्याच्या डब्यात भरली, वर ओलं शेवाळ ठेवलं. प्रोफेसरांनी परवान्याचा कागद पाठवला होता, तो चिकटवायला काढून ठेवला. त्याच दिवशी त्यांना पासपोर्टाच्या कचेरीत मुंबईला बोलावणं होतं, चार-पाच दिवस मोडणार होते. निघताना म्हणाले, "दादा, डबा आजच सोपाऱ्याला टपालात टाक. वहिनी, तू उघडू नकोस हं." म्हणाले होते. मी ऐकलंही होतं.

मालकांनी डबा उचलला तर खालून काळं पाणी गळलं. ओटीभर वास सुटला. मी म्हटलं, "हे विलायतेच्या साहेबाला पाठवणार?"

आता आमच्याकडची रीत सांगते. वाडीतला माल दादरला जातो तो बावखलात धुऊन. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. मुळ्याची जुडी असो नाहीतर केळीचा घड, मातीचा कण राहिला तर व्यापारी नावं ठेवतो, त्याहून जास्त शेजारी ठेवतात. कुजकं वेगळं काढायचं, चांगलं निवडायचं, आणि लांबच्या मुलखाला जायचं तर वाळवायचं. सुकेळी आम्ही तशीच करतो, पिकली केळी सोलून उन्हात सुकवायची, मग सहा महिने राहतात. माझा हात या कामात बसलेला. नांगी मारायची सवय जशी विंचवाला, तशी माल धुवायची मला.

मालक म्हणाले, "अगं, नको म्हणालाय ना तो."

मी म्हटलं, "पुरुषांना काय कळतं? बोटीत कुजून किडे पडतील, आणि तो म्हातारा म्हणेल वसईचे लोक घाणेरडे. पोराची जागा जाईल अशाने."

मी डबा बावखलावर नेला. मुळं चोळून चोळून धुतली. काळी कुजकी टोकं नखाने तोडून पाण्यात टाकली. मग चटईवर पसरून तीन दिवस कडक उन्हात वाळवली, सुकेळ्यांसारखी, दोन्ही बाजूंनी उलटून. छान पांढुरकी, कडक झाली. केळीच्या खोडाच्या वाळल्या सोपात बांधली, डबा घासून लख्ख केला, नवं फडकं शिवलं. चौथ्या दिवशी मालकांनी तो टपालात टाकला. मला इतकं बरं वाटलं होतं. भावोजी परत आले तेव्हा विचारलं, "गेला डबा?" मी म्हटलं, "गेला." धुतला ते सांगितलं नाही. ओरडतील म्हणून नाही, त्यांचं काम मी नीटनेटकं केलं हे त्यांना तिकडूनच कळावं असं मनात होतं.

जूनमध्ये पत्र आलं. चारच ओळी. आलेल्या मुळांतून काहीही वाढलं नाही. तीनदा करून पाहिलं. तुमचा तर्क खरा दिसत नाही. जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे, क्षमस्व.

भावोजींनी ते पत्र उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं. मला म्हणाले, "वहिनी, मातीत काही नव्हतंच गं. आठ वर्षं मी उगाच उकरत होतो." जागा गेल्याचं ते बोललेच नाहीत. मास्तरांनी अमेरिकेला परत लिहून पाहिलं, तिथे कधीच माणूस भरला होता. मास्तर म्हणाले, पुन्हा मुळं पाठव. पण मालकांनी एव्हाना उरलेल्या वेली उपटून केळी लावली होती, आणि भावोजींनाही आता त्यात जीव राहिला नव्हता. आपल्याला शास्त्र कळतं यावरचा त्यांचा विश्वासच उडाला. श्रावणात एकदा त्यांनी सातही वह्या माझ्यापुढे आणून ठेवल्या. "पाणी तापवायला घे," म्हणाले. मी "राहू द्या हो" म्हटलं, पण घेतल्या. दोन दिवस त्यांच्यावर घराचं आंघोळीचं पाणी तापलं.

पुढे ते आगाशीच्या शाळेत लागले. सायकलवर जातात, येतात. लग्न केलं नाही. मुलांना झाडांचा धडा शिकवायचा असला की दुसऱ्या मास्तरांना देतात, हे मला त्यांच्याच हेडमास्तरांनी सांगितलं.

गेल्या वर्षी शेतकी खात्याचे एक साहेब गावात आले. देवळाच्या आवारात सभा झाली, मी बायकांत बसले होते. साहेब म्हणाले, पानवेलीचा मर रोग बुरशीचा आहे, मुळाला लागलेल्या ओल्या मातीत असतो. वाफा उकरून उन्हात चांगला तापू द्या. ओल गेली, ऊन लागलं, की तो मरतो.

मी तिथून कशी घरी आले मला आठवत नाही. तीन दिवस. दोन्ही बाजूंनी उलटून. करायला गेले काय आणि करून बसले काय.

महिनाभर गप्प राहिले. मालक म्हणाले, "आता बोलून काय उपयोग, गेलं ते गेलं." पण भावोजी रोज समोर जेवायला बसत. त्यांनी स्वतःला मूर्ख समजून जन्म काढायचा आणि मी वाढत बसायचं, हे मला सहन होईना. एका सकाळी ते शाळेत जायच्या आधी जेवत होते. मी सगळं सांगितलं. भात कालवलेला हात तसाच राहिला.

त्यांनी विचारलं, "किती दिवस वाळवलीस?"

"तीन."

"काळी टोकं?"

"तोडून टाकली."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे माझं बरोबर होतं," ते म्हणाले. मला वाटलं होतं रागावतील, निदान रडतील. काही नाही. मी म्हटलं, "भावोजी, अजून लिहा की त्या प्रोफेसरांना." ते म्हणाले, "ते वारले, वहिनी. आणि वह्या नाहीत."

मग ते उठले. ताट उचललं, विहिरीवर गेले, पाणी शेंदलं आणि आपलं ताट आपण धुतलं. मी मागे धावले, "अहो, मी कशाला आहे?" ते म्हणाले, "राहू दे." रागाने नाही म्हणाले. ताट पालथं घातलं, सायकल काढली आणि शाळेत गेले.

आज वर्ष होईल. बोलतात, चालतात, बाजारातून माझ्यासाठी तपकीर आणतात. पण ताट रोज आपणच धुतात, आणि मी चुलीपाशी बसून विहिरीवरचा तो आवाज ऐकते.