पावडर उपासाला चालते

अमेरिकेतल्या नोव्हायमध्ये मी छातीचा डॉक्टर आहे. माझ्या हातून दम्याचा पंप घेतलेल्या माणसांनी एकाच वेळी जोरात फुंकर मारली, तर डेट्रॉइटची नदी उलटी वाहू लागेल. थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच. दम्याचे इंजिनिअर, त्यांची खोकणारी पोरं, सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील, सगळे माझ्याकडे. पंप निवडणं म्हणजे स्थळ जुळवणं. ज्याला जोरात श्वास ओढता येतो त्याला पावडरचा. ज्याला बटण दाबणं आणि श्वास घेणं एका वेळी जमतं त्याला फवाऱ्याचा. ज्याला दोन्ही जमत नाही त्याला फवाऱ्यापुढे प्लास्टिकचं नळकांडं जोडून द्यायचं.

एवढ्या जगाचं जुळवलं, पण माझी आई कोल्हापुरात दमत होती. चुलीवर खानावळ चालवून तिने फुप्फुसांत धूर भरून घेतला होता. तिथल्या डॉक्टरांनी कॅप्सूल फोडून ओढायची पावडर दिली होती, रोज सकाळ-संध्याकाळ. धाप कमी झाली तर विमानात बसायला परवानगी देतो म्हणाले होते. पण धाप कमी होईना. माझ्या घरात तिच्यासाठीची खोली तशीच होती. हीटर चालू, पलंगावर चादर, कोणीच नाही.

एक दिवस एका इंजिनिअरची आई आली, साताऱ्याची. तिचाही पावडरचाच पंप. छाती वाजत होती.

"मावशी, आज ओढलात?"

"आज संकष्टी आहे ना डॉक्टर! उपासाला औषध कसं चालेल?"

"आणि काल?"

"काल गुरुवार."

मी खुर्चीतून पडायचा राहिलो. ही बाई महिन्यातले अर्धे दिवस देवाच्या नावाने श्वास बंद ठेवत होती! मी समजावलं, "मावशी, कॅप्सूल गिळायची नसते, कवच फेकूनच द्यायचं. आत औषधासोबत असते ती दुधातली साखर. दूध चालतं ना?"

"चालतं की," म्हणाली, आणि माझ्यासमोरच ओढून मोकळी झाली.

घरी जाऊन आईला फोन लावला. तिचे सोमवार, चतुर्थ्या, एकादश्या मला पाठ होत्या. कसं सुचलं नाही कधी!

"आई, उपासाला पावडर ओढतेस ना?"

"नाही बाई. उपास... मोडतो."

एका वाक्यात दम घ्यायला दोनदा थांबायची. मी दुधातल्या साखरेचं सांगितलं. ती हसली, मग खोकली.

"तू? खानावळीतली बर्फी गायब झाली की... मुंगळ्यांनी उचलून नेली सांगणारा तू. तुझं मी... खरं मानू?"

"मग फवारा घे. तिथल्या डॉक्टरांशी मी बोलतो."

"त्यात दारू असते म्हणे."

काही फवाऱ्यांत असतो थोडा अल्कोहोल. आयुष्यात एकदा खरं बोललो तर कोणी ऐकेना, आणि खोटं बोलायला जागा उरली नाही.

पुढच्या भेटीला मावशी सकाळी आली. छाती मोकळी होती, आणि मला फार हेवा वाटला. कुणाच्या तरी आईच्या पाठीवर मी हात ठेवून बसलो होतो. "मावशी, एक काम कराल? माझ्या आईशी बोलाल?"

मी व्हिडिओ कॉल लावला; आईकडे दिवेलागणीची वेळ होती, सोमवार होता. मावशीने फोन तोंडासमोर धरला. "नमस्कार ताई. अहो, मी ओढते उपासाला. दूधसाखर असते ती. साबुदाणा खाता ना? मग!"

"असं होय?" आई म्हणाली. "मग हे आधी... कुणी का नाही सांगितलं?"

आईने कॅप्सूल फोडली, पंप ओठांत धरला, ओढली, आणि श्वास रोखून बसली. स्क्रीनवर काही हलेना.

"नेट गेलं का हो?" मावशीने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. मलाही खात्री नव्हती.

मग आईने श्वास सोडला, आणि दोघी वऱ्याच्या तांदळात दाण्याचं कूट किती घालावं यावर भांडू लागल्या. मला मध्ये कोणी विचारलं नाही. माझ्या गळ्यात स्टेथोस्कोप होता. तो फोनच्या काचेवर टेकवावा असं फार वाटलं.